सार्वजनिक काका आणि त्यांचे मुखत्यारपत्र



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचे श्रमदान शिबिर काटोलकडच्या एका खेड्यात होते. त्याच आठवड्यात गावची ग्रामसभा भरली. मुलांना पाहायला मिळेल म्हणून आम्ही सारे देवळाच्या ओट्यावर जाऊन बसलो. सभेत एक म्हातारेबुवा उठले आणि हातपंपाच्या पाण्याबद्दल बोलू लागले. बोलणे जरा लांबले. तेव्हा समोर बसलेल्या एका कारभाऱ्याने त्यांना मध्येच टोकले, ‘‘बुवा, तुम्ही हे कोणाच्या वतीने बोलता?’’ म्हातारेबुवा गोंधळले, उपरण्याने तोंड पुसले आणि खाली बसले. संध्याकाळी शिबिरात येऊन मला म्हणाले, ‘‘सर, मानूस स्वतःच्या वतीनं बोलला तं चालत नाई काय?’’

चालते. ग्रामसभेत मतदाराला स्वतःच्या वतीने बोलण्याचा पूर्ण हक्क आहे, हे मी त्यांना सांगितले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून काही गेला नाही. कोणाच्या वतीने? सार्वजनिक जीवनात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आज ना उद्या विचारला जातो. आज निवडून आलेला माणूस मतांचा आकडा दाखवतो आणि मोकळा होतो. पण ज्या काळी आपल्याकडे मतच नव्हते, त्या काळी सरकारपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाने काय दाखवायचे? आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे, त्या गृहस्थांनी या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून, खाली सह्या घेऊन दाखवले. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत.

गुरुजी मंडळींना आधीच एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतो. इंग्रजी पुस्तकांतून ‘जी. व्ही. जोशी’ असे नाव आले, की ते काकाच असतील असे समजू नये. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हे दुसरे गृहस्थ. हेही शिक्षक, मोठे अर्थशास्त्रज्ञ. यांनीही पुण्याच्या सभेच्या त्रैमासिकात लेख लिहिले. आद्याक्षरे तीच, सभा तीच, त्यामुळे चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांची गफलत होते. माझीही एकदा वर्गात झाली आहे.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. ते विशीत आले तोवर साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य इंग्रजांनी खालसा केले होते. त्यानंतर पाच-सहा वर्षांत, १८५४ साली, आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचीही तीच गत झाली. म्हणजे काकांची पिढी अशी, की बाप राजाचा प्रजाजन आणि मुलगा कंपनी सरकारचा. राजा वाईट असो की चांगला, त्याच्यापुढे गाऱ्हाणे न्यायच्या वाटा लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. कलेक्टरापुढे गाऱ्हाणे कसे न्यायचे, ते मात्र कोणालाच नीटसे माहीत नव्हते.

काका पोटासाठी पुण्यास आले, तेथे सरकारी कचेरीत नोकरी केली, ती सुटली, मग वकिलीची परीक्षा देऊन ते वकील झाले. यात काही नवल नाही. त्या शतकात राजकारणात पडलेली माणसे बहुधा वकिलीतूनच आली. तिकडे अमेरिकेत अब्राहम लिंकन हे काकांपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे. तेही वकीलच, आणि राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी त्यांनी आडगावच्या कोर्टांतून वर्षानुवर्षे कुळांची कामे चालविली होती. वकिलाचा धंदाच मुळी दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा. त्यासाठी वकीलपत्र लागते. अशिलाची सही नाही, तर वकिलाला कोर्टात उभे राहता येत नाही. ही साधी गोष्ट काकांच्या अंगात मुरलेली होती, आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या राजकारणाची किल्ली हीच आहे.

आता १८७० साली पुण्यात काय झाले ते पाहू.

पुण्याची पर्वती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले ते देवस्थान. त्याचा कारभार पंचांकडे होता, आणि त्या कारभाराबद्दल शहरात कुरबूर सुरू झाली होती. तक्रार पुष्कळांची होती, पण ती नेणार कोण? चार वजनदार माणसे गेली तर पंच म्हणणार, हे चौघे आमचे हेवेदावे काढायला आले आहेत. पाचशे माणसे गेली तर सरकार म्हणणार, हा दंगा आहे. देवस्थानचा प्रश्न तसा लहान होता. पण त्यातून एक मोठी गोष्ट पुणेकरांच्या ध्यानात आली, की लोकांच्या वतीने बोलणारी एक कायमची संस्था हवी. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. सरदार, इनामदार, सावकार, वकील, पेन्शनर अशी मंडळी जमली. पण सभेचा गाडा ओढणारा बैल म्हणाल तर तो काका.

यापूर्वी अशा सभा नव्हत्या असे नाही. मुंबईत १८५२ सालीच बॉम्बे असोसिएशन निघाली होती आणि तिने विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्जही पाठविला होता. १८६१ च्या कायद्यानंतर कौन्सिलात काही हिंदी गृहस्थ नेमलेही जाऊ लागले होते. पण नेमलेले, बरं का! नेमणारे सरकार. तेव्हा तो गृहस्थ कितीही भला असला, तरी ‘कोणाच्या वतीने’ या प्रश्नाला त्याच्याकडे एकच उत्तर होते: लाटसाहेबांच्या मर्जीने. आणि असोसिएशनचा सभासद म्हणाल, तर तो वर्गणी भरून झालेला. वर्गणीदार हा फार तर स्वतःचा प्रतिनिधी असतो.

पुण्याच्या सभेने येथे एक नवाच नियम केला. सभासद व्हायचे असेल तर निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. सही करणाऱ्याला जातीची अट नाही, धर्माची नाही.

मुखत्यारपत्र म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला मी समजावून सांगावे असे नाही. शेताची खरेदी आहे, आपण आजारी आहोत, तालुक्याला जाता येत नाही. तेव्हा आपण भावाला किंवा पुतण्याला कागद करून देतो, की हा माझ्या वतीने सही करील, ती मला कबूल. गावोगाव सर्वांना ठाऊक असलेला हा कागद. सभेने एवढेच केले, की तोच कागद शेतावाडीच्या व्यवहारातून उचलला आणि राजकारणात आणून ठेवला. ‘आमच्या सार्वजनिक गाऱ्हाण्यांबद्दल हा गृहस्थ आमच्या वतीने बोलेल’ असे पन्नास जणांनी लिहून दिले, म्हणजे तो सभासद.

असे पंचाण्णव सभासद झाले, आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. हिशेब करून पाहा. पंचाण्णव गुणिले पन्नास म्हणजे चार हजार सातशे पन्नास. म्हणजे पुष्कळांनी गरजेपेक्षा जास्त सह्या आणल्या होत्या. सह्या गोळा करणे हे काम किती कष्टाचे असते, ते कोणत्याही शाळेच्या इमारतीसाठी अर्ज केलेल्या गुरुजींना विचारावे. आणि हा तर १८५७ च्या बंडानंतर अवघ्या तेरा वर्षांचा काळ. सरकारकडे जाणाऱ्या कागदावर आपले नाव घालायचे, या कल्पनेनेच माणसाचा हात कापत असे. त्या काळात सहा हजार माणसांनी सही केली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

याच वर्षी, म्हणजे १८७० च्या फेब्रुवारी महिन्यात, अमेरिकेच्या घटनेत पंधरावी दुरुस्ती मंजूर झाली. वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणावरून कोणाही नागरिकाचा मताचा हक्क नाकारता येणार नाही, असे तिने ठरविले. तिकडे मत कागदावर मिळाले. पण पुढे दक्षिणेकडील संस्थानांनी नाना युक्त्या करून काळ्या लोकांना मतपेटीपासून दूरच ठेवले, आणि तो हक्क खऱ्या अर्थाने हाती यायला १९६५ चा कायदा यावा लागला. इकडे पुण्यात कागदावर मत नव्हतेच. तेव्हा लोकांनी स्वतःच एक कागद तयार केला. दोन्हीकडच्या गोष्टींचे वजन सारखे आहे असे मी म्हणत नाही. पण दोन महिन्यांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना एकच प्रश्न सुटू पाहत होता, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

आता सभेचा दुसरा बाजूचाही विचार केला पाहिजे. सह्या सहा हजारांच्या होत्या, पण त्या बहुतेक पुण्याच्या, आणि सभासदांत भरणा उच्च वर्णाच्या व खाऊनपिऊन सुखी माणसांचा. ‘सार्वजनिक’ हे नाव घेऊन बसलेल्या सभेत शूद्र शेतकरी किती, मांग-महार किती, असा सवाल जोतीराव फुल्यांनी रोखठोक केला आणि सभेवर कडक टीका केली. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तोही त्याच पुण्यात. फुल्यांचा सवालही शेवटी तोच होता: तुम्ही कोणाच्या वतीने बोलता? मुखत्यारपत्राचा नियम करणाऱ्यांना तो विचारला जाणे न्याय्यच होते. सभेजवळ त्याचे पुरते उत्तर नव्हते, हे कबूल केलेले बरे.

तरीपण शेतकऱ्याच्या प्रश्नापर्यंत ही सभा पोचली, आणि ती कशी पोचली हे आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापूस पिकविणाऱ्यांना ऐकायला आवडेल. अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी लढाई चालली. तिकडचा कापूस विलायतेला जाणे बंद पडले आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वऱ्हाडात आला, खानदेशात आला, दख्खनेतही पैसा खेळू लागला. सावकार कर्ज द्यायला दारी येऊ लागले. लढाई संपली आणि भाव धाडकन कोसळले. नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांची फेरपाहणी होऊन शेतसारा वाढला. पीक तेच, भाव निम्मे, सारा वाढलेला, आणि डोक्यावर तेजीत काढलेले कर्ज. पुढे १८७५ च्या मे महिन्यात सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. ते दंगे बरेच पसरले.

पण त्याच्या दोन वर्षे आधीच सार्वजनिक सभेने जमीन महसुलावर एक अहवाल सिद्ध केला होता. कुणब्याची दैना कशामुळे, सारा किती, कर्ज किती, हे आकड्यांनिशी मांडले होते. या कामात काकांना एक जबरदस्त जोडीदार मिळाला होता. १८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. रानडे सरकारी नोकर. त्यांना उघडपणे सभेच्या अर्जावर सही करता येत नव्हती. तेव्हा विचार आणि लेखणी रानड्यांची, पाय आणि छाती काकांची, अशी वाटणी झाली. इतिहासात लेखणीवाल्याचे नाव मोठे होते आणि पायपीट करणारा मागे पडतो. रानड्यांचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. काकांचे पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. मला वाटते, रानडे स्वतः असते तर त्यांनी ही ओळ वाढवून दिली असती.

काकांचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट पटली की ती आधी स्वतःच्या अंगावर घ्यायची. विलायती मालामुळे आपले कारागीर बसले, हे त्या वेळी पुष्कळजण बोलत होते. लोकहितवादींनी लिहिले होते, रानड्यांनी व्यापारावर व्याख्याने दिली. काकांनी १२ जानेवारी १८७२ रोजी शपथ घेतली, की यापुढे देशी सुताचे खादीचेच कपडे वापरीन. गांधीजी त्या वेळी दोन-अडीच वर्षांचे होते. शपथ घेऊन काका स्वस्थ बसले नाहीत. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या वस्तू येथेच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली, आणि हा माल विकण्यासाठी भागीदारीच्या तत्त्वावर गावोगाव दुकाने निघावीत म्हणून उत्तेजन दिले. पुणे, सातारा, मुंबई, सुरत या गावांबरोबर त्यांत नागपूरचेही नाव येते. या उद्योगात काकांनी पदरचे पैसेही घालवले. शाई आणि साबण हे काही मोठे धंदे नव्हेत. पण विलायती शाईने स्वदेशीचा अर्ज लिहिणे काकांना जमले नसते, एवढे खरे.

घरातही हीच रीत. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रियांची ‘स्त्रीविचारवती सभा’ काढली. नवरा सार्वजनिक काका, बायको सभेची चालक. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे जोडपे रस्त्याने जाताना लोक काय काय बोलत असतील, याची कल्पनाच करावी. भांडणे कोर्टात नेऊन दोन्ही पक्षांनी नागवे होऊ नये म्हणून सभेने लवादाची कोर्टेही चालविली. काका स्वतः वकील. लोकांनी कोर्टात येऊ नये म्हणून खटपट करणारा वकील मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता आपण १ जानेवारी १८७७ या दिवसाकडे येऊ. दिल्लीला मोठा दरबार भरला होता. व्हिक्टोरिया राणी ही हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, असे जाहीर व्हायचे होते. राजेमहाराजे हत्ती-घोडे, जरीचे झेंडे घेऊन जमले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले, ते जाड्याभरड्या खादीच्या वेषात. सभेचे मानपत्र त्यांच्यापाशी होते. मानपत्रात सम्राज्ञीचे अभिनंदन होतेच. पण त्याबरोबर मागणी अशी होती, की राणीच्या ब्रिटिश प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेला मिळावा. सभ्य भाषेत गुंडाळलेला निखाराच तो! सम्राज्ञी झालीस, आनंद आहे; मग आम्हीही तुझ्या घरच्या लोकांच्या बरोबरीचे, असा त्याचा साधा अर्थ.

आणि त्याच दिवशी आपल्या नागपुरात काय झाले? जमशेदजी टाटांची कापडाची गिरणी त्याच १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि सम्राज्ञीच्या नावावरून तिला एम्प्रेस मिल म्हणू लागले. नागपूरच्या कित्येक पिढ्यांचे पोट त्या गिरणीने भरले. आता ती गिरणी उरली नाही. भोंगा ऐकलेली माणसे मात्र अजून आहेत. एकाच दिवशी दिल्लीत खादी आणि नागपुरात गिरणी! पण या दोहोंत काकांच्या मनात वैर नव्हते. कापड देशात व्हावे, हातावर होवो की यंत्रावर, ही त्या पिढीची दृष्टी. चरखा श्रेष्ठ की गिरणी, हा वाद पुढे चाळीस वर्षांनी आला.

दरबाराच्या दिव्यांची रोषणाई चालू होती तेव्हा दख्खनेत माणसे उपाशी मरत होती. १८७६ चा पाऊस गेला होता. हा १८७६ ते ७८ चा दुष्काळ ‘मोठा दुष्काळ’ म्हणून प्रसिद्ध आहे. यात काकांनी आणि सभेने जे काम केले, ते मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे वाटते. सभेने गावोगावहून माहिती मागविली. कोणत्या तालुक्यात पाऊस किती, विहिरीला पाणी आहे की नाही, गुरे किती विकली गेली, दुष्काळी कामावर माणसे किती, त्यांना मजुरी काय मिळते, घरे सोडून किती गेली. खेड्यातल्या माणसांनी हे लिहून पाठवायचे आणि सभेने ते एकत्र करून मुंबई सरकारला एकामागून एक पत्रे धाडायची. सरकारी अधिकाऱ्यांचे अहवाल एक सांगत आणि सभेची पत्रे दुसरेच.

याच वेळी हिंदुस्थान सरकारने दुष्काळी कामांचा खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना धाडले. हे गृहस्थ नागपूरला अपरिचित नाहीत. ते १८६२ ते ६७ या काळात आपल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. आपला अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, त्यांच्याच कारकिर्दीत १८६३ साली निघाले. हुशार आणि कमालीचा कामसू माणूस. पण १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात त्यांनी सढळ हाताने खर्च केला म्हणून वरिष्ठांनी त्यांना बोल लावला होता, आणि आता ती कसर भरून काढायची होती. त्यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे जुन्या मापाने जेमतेम अर्ध्या शेरावर आणले. दिवसभर खडी फोडायची आणि अर्धा शेर धान्यावर राहायचे! १८७७ च्या आरंभी हजारो मजुरांनी ही कामे सोडून दिली. मरू, पण एवढ्यावर राबणार नाही, असा तो संप होता. सभेने मजुरांची बाजू घेतली. एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस जगू शकत नाही, हे सरकारला पुन्हा पुन्हा लिहून कळविले. यावर वर्तमानपत्रांतून आणि सरकार-दरबारी खूप वादळ झाले, आणि मजुरीचा प्रश्न सरकारला पुन्हा पाहावा लागला.

दुष्काळी कामावरच्या त्या माणसांनी काकांना मुखत्यारपत्र लिहून दिले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती, आणि अंगठा उठवायलाही कोणी त्यांच्याकडे गेले नसेल. परंतु त्यांच्या गावची खरी माहिती सभेच्या हाती होती, आणि सरकारपुढे आकडा ठेवता येत होता. वर फुल्यांच्या सवालाचा उल्लेख केला. त्या सवालाला सभेने दिलेले जे काही थोडेफार उत्तर असेल, ते या दुष्काळी पत्रांत आहे.

१८७९ साल उजाडले ते वेगळ्याच बातम्या घेऊन. दुष्काळाने पेटलेला एक तरुण, पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यातला कारकून, रामोशी आणि इतर मंडळींना घेऊन बंडाला उभा राहिला होता. हे वासुदेव बळवंत फडके. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आग लागली. सरकारचा संशय पुण्याच्या सगळ्या पुढाऱ्यांवर गेला. रानड्यांची तडकाफडकी बदली झाली. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. अशा आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे म्हणजे सरकारच्या काळ्या यादीत आपण होऊन नाव घालणे. वकीलवर्ग चाचरू लागला. काका पुढे झाले.

काकांचा मार्ग अर्जाचा, कायद्याचा, फडक्यांचा तलवारीचा. फडक्यांचा मार्ग काकांना पसंत होता असे म्हणायला आधार नाही. पण आरोपीच्या वतीने कोणीतरी बोललेच पाहिजे, हे काकांना आपल्या धंद्याचे पहिले कलम वाटत असावे. त्यांनी खटला लढविला. निकाल काय लागणार हे उघड होते. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांना एडनला पाठविले, आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे देहावसान झाले. काका ते पाहायला राहिले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, ते गेले.

काका कोणत्याही कौन्सिलचे सभासद झाले नाहीत. दिवाण झाले नाहीत, रावबहादूर झाले नाहीत. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या मागे राहिली ती सभा. तिच्या त्रैमासिकाचे संपादन पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केले. सार्वजनिक कामाचे पहिले धडे त्यांनी तेथेच गिरवले. १८८५ साली राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन पुण्यासच भरायचे होते आणि त्याची तयारी याच सभेने चालविली होती. ऐन वेळी पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला हलले. १८९५ मध्ये सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती आली आणि रानडे-गोखले बाहेर पडले. लगेच १८९६ चा दुष्काळ आला. टिळकांनी काकांचाच जुना कित्ता पुढे चालवला: सभेची माणसे खेड्यांत गेली, आणि पीक बुडाले असेल तर दुष्काळाच्या नियमांप्रमाणे शेतसाऱ्याची सूट मागणे हा तुमचा हक्क आहे, असे कुणब्यांना सांगू लागली. सरकारला हे रुचले नाही. १८९७ साली मुंबई सरकारने जाहीर केले, की सार्वजनिक सभेला सरकारशी पत्रव्यवहार करणारी मान्यताप्राप्त संस्था म्हणून यापुढे ओळखले जाणार नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी सहा हजार सह्या घेऊन जी सभा उभी राहिली, तिला सरकारने शेवटी सांगितले ते हेच, की तुम्ही कोणाच्याही वतीने बोलत नाही.

यानंतरची एक गोष्ट आपल्या नागपूरची आहे. १९२० च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन येथे भरले. आज आपण ज्या वस्तीला काँग्रेसनगर म्हणतो, तिचे नाव त्याच अधिवेशनावरून पडले. असहकाराच्या ठरावासाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्याच मांडवात राष्ट्रसभेची नवी घटनाही मंजूर झाली. तोपर्यंत कोणत्या गावाहून किती प्रतिनिधी यावेत, याला धरबंध नव्हता. जेथे अधिवेशन भरे तेथल्या लोकांची गर्दी होई. नागपूरच्या घटनेने भाषावार प्रांतिक समित्या केल्या, चार आणे वर्गणीचा सभासद केला, आणि प्रतिनिधींची संख्या लोकसंख्येवर बसविली: दर पन्नास हजार माणसांमागे एक. काकांच्या सभेत ते प्रमाण पन्नासाला एक असे होते.